खालच्या चार ओळी

आमच्या आपा प्रवाशाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की प्रवासी विमानाच्या दारात आला की त्याच्या डोळ्यांत बघायचं, हात जोडायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं. आपा हात जोडायच्या, पण नजर खाली. “तोंड खोटं बोलतं गं, पाय नाय बोलत. चपला काढायला वाकला, की समज हा पहिल्यांदा उडायलाय.” आणि खरंच, आठवड्यातून एखादा तरी दारात चपला काढायचाच. मग आपा त्याचा दंड धरून म्हणायच्या, “मामा, देऊळ नाय हे. घाला चपला, बसा निवांत. मी हाय.” त्याचा पट्टा त्या स्वतःच्या हातानं लावायच्या.

आपा शहागंजातल्या. चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, चालणं तुरुतुरु. आधीची विमान कंपनी बंद पडल्यावर त्या आमच्या कंपनीत आल्या होत्या. घरात कमावत्या त्या एकट्याच, मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. मी अजिंठ्याची, शेतकऱ्याच्या घरातली, नोकरीत अगदी नवी. आमच्या छोट्या पंख्याच्या विमानात प्रवाशांचं बघायला आम्ही दोघीच असायचो. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. “ए अजिंठा, इकडं ये” अशी हाक यायची. पहिल्या आठवड्यात नव्या बुटांनी माझ्या टाचा सोलून निघाल्या, तेव्हा मला मागच्या खुर्चीत बसवून त्यांनी टाचांना कापूस लावून चिकटपट्टी बांधली होती. “आईला फोनवर सांगू नको, ती रडल,” म्हणाल्या.

आमच्या विमानावर एका मोठ्या कंपनीचं नाव होतं आणि आमच्या गळ्यात तिच्याच रंगाचा स्कार्फ. नोकरी मात्र दुसऱ्याच एका छोट्या कंपनीची. मोठीनं आमचा हैदराबादचा मार्ग तिला कंत्राटानं दिलेला. छोटीचं नाव दाराशेजारी इतक्या बारीक अक्षरांत होतं की ते वाचताना मला कधी कुणी दिसलं नाही. जमिनीवर विमान गार ठेवणारं यंत्र तिसऱ्याच कुणाचं. आपा म्हणायच्या, “आपण दुसऱ्याच्या मांडवातले वाढपी. जेवण जमलं तर नाव घरधन्याचं, मीठ कमी पडलं तर मान वाढप्याची.”

आता खरं सांगायचं तर आपांचं वागणं काही कागदावरच्या नियमांत बसणारं नव्हतं. दमल्या की खुशाल प्रवाशाच्या खुर्चीच्या हातावर टेकायच्या. कुणाच्या डब्यात ठेचा दिसला की, “घरचा हाय का?” म्हणून बोट लावून चाखायच्या. विमान उतरत असताना एक पोरगा उभा राहिला, तर त्याच्या डोक्यावर टपली मारून त्याला खाली बसवलं. काहींना हे फार आवडायचं, काही संतापायचे. त्यांच्याविरुद्ध दोन लेखी तक्रारी झाल्या होत्या आणि तिसरी आली तर घरी बसावं लागेल, असं पत्र त्यांच्या हातात पडलं होतं. मला त्यांची लाज वाटायची, हेही लिहून टाकते. अशा वेळी मी काहीतरी आवरत असल्याचं दाखवून पाठ फिरवायचे.

ती मे महिन्यातली दुपार. दार बंद झालेलं, सगळे आत बसलेले, उड्डाणाची परवानगी येत नव्हती आणि गार हवेचं यंत्र बंद पडलेलं. बाराव्या रांगेत लासूर स्टेशनचे एक आजोबा बायकोबरोबर लेकाकडे हैदराबादला निघाले होते. दारात चपला काढायला वाकले म्हणून आपांनी त्यांना आधीच हेरून ठेवलं होतं. त्यांची मान एकदम कलली आणि आजींनी हाक मारली. आपा पुढून ऑक्सिजनची बाटली घेऊन धावल्या. मधल्या वाटेत एक गृहस्थ उभे, मोबाईलवर सगळ्या गैरसोयीचं चित्रण करत होते.

“साहेब, जागा द्या,” आपा म्हणाल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

“आधी तुमचं नाव सांगा, मग सरकतो.”

“खाली बसा, नायतर मी बसवते!” असं म्हणून आपांनी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून रिकाम्या खुर्चीवर टाकला, त्यांना खांद्याला धरून ढकललं आणि त्या आजोबांपाशी पोचल्या. आजोबा वाचले. खाली उतरवून त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या चपला आपांच्या हातात होत्या.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण गावभर झालं. ते सुरू होत होतं “खाली बसा”पासून आणि संपत होतं विमानाच्या छतावर. मधे आजोबा कुठंच नव्हते. मोठ्या कंपनीनं कळवलं, संबंधित कर्मचारी आमची नाही. छोट्या कंपनीला कंत्राट जाण्याची भीती. तिसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरांनी माझ्यापुढं साक्षीचा कागद ठेवला. प्रश्न एकच: प्रवाशाच्या अंगाला किंवा वस्तूला हात लावला का? होय किंवा नाही. खाली ‘अधिक माहिती असल्यास’ असं छापलेलं आणि चार रेघा.

“खालचं रिकामं सोडलं तरी चालतं,” मॅनेजर म्हणाले. “यंत्र बंद होतं वगैरे कागदावर आलं, तर सगळ्यांनाच त्रास. आणि हो, मोठ्या कंपनीत भरती निघतेय. तुझं नाव पाठवतोय मी.”

मी ‘होय’वर खूण केली आणि सही केली. चौकशीत तो कागद आपांसमोर ठेवला गेला. आठवड्याभरात त्यांनी गणवेश परत केला, स्कार्फ धुऊन, इस्त्री करून. मला त्यांनी फोन केला नाही, मीही केला नाही. दोन महिन्यांनी मी मोठ्या कंपनीत लागले.

या ईदला मात्र राहवलं नाही, म्हणून शहागंजात त्यांचं घर शोधत गेले. दारात सँडल काढायला वाकले, तर वरून आवाज आला, “टाच बरी झाली की गं तुझी.” पाय बघूनच ओळखलं होतं त्यांनी मला. त्यांनी आत बसवलं, शिरखुर्म्याची वाटी हातात दिली, आईची चौकशी केली. आता त्या एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसतात. मुलीचं शिक्षण चालू आहे, ओढाताण आहे, पण चालू आहे.

मला रडू फुटलं. “आपा, मी खोटं लिहिलं नव्हतं हो.”

“हौ ना. खोटं कोण म्हणायलंय? होयला होय लिहिलं तू.” मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “पण खाली जागा होती ना गं, अजिंठा?”

मी वाटीत चमचा फिरवत राहिले. “खा,” म्हणाल्या, “थंड व्हायलंय ते.”

होती, आपा. चार ओळी जागा होती. लासूरचे आजोबा, बंद पडलेलं यंत्र आणि तुम्ही तीनदा म्हणालात ते “साहेब, जागा द्या”, एवढं सगळं त्यात मावलं असतं.