टबातलं पाणी आणि तारेचा फोन

दोन हजार आठ साली वादळ आलं तेव्हा मी मुलाकडे टेक्सासात, शुगर लँडला होते. वादळाचा आवाज कसा होता, घर कसं हादरलं, हे लोक अजून मला विचारतात. मला माहीत नाही. मी झोपले होते. कानात कापसाचे बोळे घातले आणि झोपले. जागं राहून मी वादळ थोडीच थांबवणार होते! सकाळी उठले तर मागचं कुंपण आडवं पडलं होतं, शेजाऱ्यांच्या छपराची कौलं आमच्या गवतात होती, आणि लाईट नव्हती.

पण गोष्ट त्याच्या आधीपासून सांगायला हवी.

आमच्या मागच्या घरात क्युबाची एक बाई राहायची. माझ्याच वयाची, विधवा, एकटी. तिच्या अंगणात पोहायचा तलाव होता, त्यात ती कधी उतरायची नाही. कुंपणावरून ती मला लिंबं द्यायची, मी तिला थालीपीठ द्यायचे. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझं त्याहून वाईट. मी चौथी पास. तरी आमचं बरं चालायचं, कारण दोघींनाही फार बोलायची सवय नव्हती.

वादळ आमच्याकडे यायच्या चार-पाच दिवस आधी ते तिच्या बेटावरून गेलं. टीव्हीवर दाखवत होते, आधी हैतीत माणसं वाहून गेली, मग क्युबात घरं पडली. तिनं मला हाताला धरून तिच्या टीव्हीपुढे नेलं, नकाशावर एका जागी बोट ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर हात मारला. तिची धाकटी बहीण तिथे होती. बहिणीकडे फोन नव्हता. ती गावातल्या कुणाच्या तरी घरून करायची, एरवी महिन्यातून एकदा. वादळ झालं तर लगेच करायचा, असं दोघींचं ठरलेलं होतं. तो फोन आला नव्हता. मग ही बाई खुर्ची ओढून फोनशेजारीच बसली. जेवण तिथे, डुलकी तिथे.

तोवर वादळ आमच्या दिशेनं निघालं. ओहायोत डब्लिनला माझी मुलगी असते, तिचे दिवसातून चार फोन.

"आई, तू इकडे ये. मी तिकीट काढते. इथे वादळं येत नाहीत."

"मी कुठे येत नाही. गणपती बसलेत."

गणपती होते ते खरंच, दहा दिवसांचे, शाडूचे. पण खरं सांगायचं तर मला विमानाचा कंटाळा येतो.

वादळाच्या आदल्या दिवशी समुद्राकडच्या भागातून सुनेच्या मैत्रिणीचं कुटुंब आमच्याकडे राहायला आलं, चार माणसं. आम्ही चार. मुलगा तेल कंपनीत इंजिनिअर, त्यानं यादी करून सगळी तयारी केली. खिडक्यांना फळ्या, बॅटऱ्या, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या. यादीत काय काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वादळ गेलं. लाईटबरोबर पाणीही गेलं, कारण पंप बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, अनंत चतुर्दशी. मंडळी बाहेर फांद्या उचलत होती. मी बाथरूममध्ये गेले तर टब काठोकाठ भरलेला. दर वर्षी आमचं विसर्जन टबातच व्हायचं. म्हटलं, मुलगा एवढ्या गडबडीतही विसरला नाही. बरं वाटलं. मी दहा वर्षांच्या नातीला हाक मारली, दोघींनी आरती केली, तिनं झांजा वाजवल्या, आणि मी गणपती तीनदा बुडवून टबात ठेवून दिले.

तेवढ्यात सून बादली घेऊन आत आली.

"आई! हे काय केलंत?"

"विसर्जन. आज चतुर्दशी आहे."

"अहो, ते फ्लशसाठी भरून ठेवलेलं पाणी होतं!"

टबात गणपतीचा एक कान सुटून तरंगत होता. शाडू विरघळून पाणी चहासारखं झालं होतं.

सगळे दारात जमले. आठ माणसं, दोन संडास, आणि नळाला थेंब नाही.

मुलगा म्हणाला, "टेक्निकली पाणी तेच आहे. थोडी माती आहे, एवढंच."

"मग तू ओत," सून म्हणाली. "घे बादली."

त्यानं बादलीकडे पाहिलं, गणपतीकडे पाहिलं आणि हात खिशात घातले.

सुनेच्या मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "काकू, तासाभरात गाळ खाली बसेल. मग वरचं वरचं घेऊ या का?"

"घ्या ना," मी म्हटलं. "मूर्ती खाली, पाणी वर, आणि ते पाणी तुम्ही संडासात ओता. मी बघते इथे बसून."

त्यांनीही घेतलं नाही. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं, पण एकाचीही हिंमत झाली नाही. नात म्हणाली, "आजी, यू आर इन बिग ट्रबल." मी तिला म्हटलं, झांजा तू वाजवल्यास, तूही आहेस.

चूक माझी होती, म्हणून मी बादली उचलली आणि पडलेल्या कुंपणावरून मागच्या अंगणात गेले. नातीला बरोबर घेतलं. तलावात पानं, फांद्या, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची, पण पाणी भरपूर. विचारल्याशिवाय कसं घ्यायचं म्हणून दार वाजवलं.

बाई त्याच खुर्चीत बसली होती. हातात तिचा फोन, तो बिनतारेचा, विजेच्या बैठकीवर उभा करून ठेवायचा असतो तसला. ती बटणं दाबत होती, कानाला लावत होती, परत दाबत होती. लाईट नाही, तर तो फोन मेलेला. तिला वाटत होतं की तारच तुटली. डोळे सुजलेले. मला रडणाऱ्या माणसांशी काय बोलावं ते कळत नाही. बादली तिथेच ठेवली आणि घरी आले.

माझ्या खोलीत एक जुना फोन होता. तारेचा, भिंतीत खोचायचा, जड. मला बिनतारेच्या फोनची बटणं कळायची नाहीत म्हणून मुलानं तो कुणाच्या तरी गराज सेलमधून, जुन्या सामानातून आणला होता. सगळे त्याला आईचा म्युझियम पीस म्हणायचे. पण लाईट गेल्यावर घरात तोच एक चालत होता. मोबाईलला रेंज नव्हती. सकाळीच त्यावर मुलीचा फोन येऊन गेला होता, "आली असतीस तर आता आरामात बसली असतीस."

मी वायर उपटली.

मुलगा म्हणाला, "आई, अगं, आपल्याकडे हा एकच चालू फोन आहे!"

"तुला कुणाचा यायचाय? ऑफिस बंद आहे."

"ताई करेल ना. तिला काळजी वाटेल."

"वाटू दे. तिला माहीत आहे मी जिवंत आहे."

नातीनं तो फोन बाईच्या भिंतीत खोचला. मी कानाला लावला. घुंऽऽ असा आवाज आला. तार शाबूत होती. मी तिच्या कानाला लावला. तिनं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मला असलं आवडत नाही, पण त्या दिवशी मी धरू दिले.

मग पाण्याचं विचारलं. तिनं अख्खा तलाव हातानं दाखवला. सगळे पुरुष बादल्या घेऊन कामाला लागले. तिच्या फ्रीजमधलं विरघळलेलं मांस आणि आमच्या फ्रीजमधल्या पुरणपोळ्या तिच्या अंगणातल्या शेगडीवर गरम झाल्या, एकाच जाळीवर. मी पोळ्यांची बाजू वेगळी धरली होती, पण तिकडे फार बघितलं नाही.

दोन दिवस फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नात बादली भरत होतो, तेव्हा तो वाजला. माझ्या फोनची घंटा म्हणजे शाळा सुटल्यासारखी. बाई धावली. मी तिला त्याआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं.

आम्ही दारात उभ्या राहिलो. आधी ती ओरडली, मग रडली, मग पलीकडून कुणीतरी इतक्या जोरात बोलायला लागलं की आम्हालाही ऐकू येत होतं. शिव्याच असाव्यात. बाई मध्येच खो खो हसायला लागली, खुर्चीवर बसली आणि हसत राहिली.

फोन ठेवल्यावर तिनं नातीला इंग्रजीत सांगितलं, नातीनं मला मराठीत. बहीण जिवंत होती. छप्पर उडालं, कोंबड्या गेल्या, ती शाळेच्या इमारतीत राहत होती. आधी तिकडच्या तारा तुटल्या होत्या; त्या जोडल्या तेव्हा टेक्सासच्या वादळाची बातमी आली, आणि तेव्हापासून ती सारखी फोन करत होती. तिला नुसती घंटा ऐकू यायची, इकडे हिच्या मेलेल्या फोनला पत्ता नाही. मी माझा फोन आणून लावला त्या दिवसापासून तिकडच्या लायनी पुन्हा बंद. घंटा वाजूनही कुणी उचललं नव्हतं, म्हणून बहिणीनं समजूत करून घेतली की टेक्सासची म्हातारी गेली. मेणबत्ती लावून, प्रार्थना करून मोकळी झाली होती. शेवटचं एकदा बघू म्हणून तिनं फोन लावला, तर ही हॅलो म्हणाली.

"मग ती शिव्या का देत होती?" मी विचारलं.

"तिला राग आला," नात म्हणाली. "ती म्हणाली, आय क्राइड फॉर टू डेज फॉर नथिंग."

ते मला पटलं.

त्या संध्याकाळी फोन बाईकडेच राहिला, म्हणून मुलीशी बोलायला मी तिच्या घरी गेले. मुलगी फोनवर गप्प गप्प होती. खोदून विचारलं तेव्हा बोलली. रविवारी तेच वादळ तिच्याकडे पोचलं होतं. झाडं पडली, लाईट गेली, ती तीन दिवस ब्रेडला लोणचं लावून खात होती. तिथून ते कॅनडात गेलं म्हणे.

"तिकीट काढतेस का माझं?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

चार दिवसांनी नळाला पाणी आलं. टबातलं पाणी बादल्यांनी काढून आम्ही बाईच्या लिंबाच्या झाडाला घातलं. फोन मी परत मागितला नाही. त्या दिवशी फोन ठेवण्याआधी बहिणी काय बोलून हसल्या, ते बाईकडून ऐकून नातीनं मला नंतर सांगितलं. बहिणीनं विचारलं होतं, "तुझ्या नावाची मेणबत्ती अजून जळतेय, विझवू का?"

आणि बाई म्हणाली होती, "राहू दे. तुमच्याकडेही लाईट नसेल."