चंद्रावरची लंगडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

अनसाबाई माझी मोठी नणंद. नवरा वारल्यावर माहेरी, सावली या गावाजवळच्या आमच्या खेड्यात परतलेली. अंगाने चांगली जाडजूड, आणि हसणं त्याहून मोठं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात माझ्याशी गोड बोलणारं एकच माणूस होतं — ती. माझ्या हातून भात करपला तर 'मीच करपवला' म्हणून सासूची बोलणी स्वतः खायची. समोरच्या घरातली सुंदराबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे.

रशियाने आभाळात पहिला उपग्रह सोडला ते साल. कोजागिरीच्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी अंगणात पेपर वाचून दाखवला — आता माणूस चंद्रावर जाणार, तिथे त्याचं वजन सहावा हिस्सा भरणार, एका उडीत छपरावर!

"मंग मले तिथी लंगडी खेळता येईन बाप्पा!" अनसाबाई म्हणाली, आणि पदर खोचून खेळायलाच लागली. एक पाय वर, हात पसरलेले, हळूहळू, तरंगल्यासारखी... सुंदराबाई तिला धरायला तशीच तरंगत मागे. आम्हाला हसू आवरेना. इतकी सुंदर अनसाबाई मला पुन्हा कधी दिसली नाही.

मग मी असं का केलं?

धान कापणीच्या दिवसांत बायका बांधावर भाकरी खात बसल्या होत्या. नव्या सुनेचं कोण ऐकतं? पण त्या दिवशी मी बोलले — "बाई चंद्रावर उतरल्या तं चंद्रच खाली पडन!" बायका अशा हसल्या! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आठ दिवसांत ते गावभर झालं. अनसाबाई विहिरीवर दिसली की कुणीतरी ओरडे, "चंद्र सांभाळा वं!"

तिने खेळणं सोडलं. चारचौघींत जाणं सोडलं. एक दिवस माझ्याजवळ बसून हळूच विचारलं, "वहिनी, पयलं कोण म्हनलं वं हे?"

इथवर सांगणं सोपं होतं. मी म्हटलं — "सुंदराबाई."

तिचंच नाव का? दारातून समोर ती दिसत होती, सुपात धान पाखडताना. एवढंच.

अनसाबाईने भांडण केलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. सुंदराबाई महिनाभर दारात येऊन उभी राहायची. शेवटी तिने मलाच गाठलं. "अनसा काऊन बोलत नाई? मायं काई चुकलं काय?"

मी म्हटलं, "मले काय मालूम."

चौदा वर्षं — आणि मध्ये एवढीशी गल्ली. पुढे माणसं खरंच चंद्रावर गेली, तिथे कुणीतरी चेंडूही टोलवला, असं रेडिओवर सांगितलं. अनसाबाई टाळी वाजवून हसली, उठून दारापर्यंत गेली, समोरच्या घराकडे तोंड करून. आणि तिथूनच परत फिरली. मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

त्याच उन्हाळ्यात सुंदराबाईचा मुलगा तिला कायमचं वडशाला, आपल्या घरी न्यायला आला. बैलगाडीत बसताना तिने आमच्या घराकडे पाहिलं. अनसाबाई दाराआड उभी, मी तिच्या शेजारी. तिने माझा हात घट्ट धरला होता. गाडी वळेपर्यंत वेळ होता — पुष्कळ वेळ होता.

आता दोघीही नाहीत. अनसाबाईने शेवटपर्यंत मला लेकीसारखं जपलं.

सुंदराबाई ते बोलली नव्हती. मी बोलले होते.