बोअरचं पाणी आणि गौतम सर

येडशीला गाडी नुकतीच थांबली होती, तेवढ्यात सरांच्या घरून फोन आला. कौसल्यावहिनी एवढंच म्हणाल्या, "मॅडम, सर गेले ओ..." सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी फलाटावरच्या बाकावर बसले आणि आधी मला रागच आला. आदल्याच दिवशी हा माणूस मला म्हणाला होता, शेवटचा प्रयोग राहिलाय, तो उरकला की डॉक्टरला दाखवून घेतो.

गौतम सर मूळचे तामलवाडीचे. आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी गणित. घन पदार्थांतून लहरी कशा पसरतात याची समीकरणं मी मांडते. "तुमचं बरंय, कागद-पेन्सिलीवर भागतं," असं चिडवत ते माझ्या वाटणीचा चहा पिऊन टाकायचे. झाडाचं पान उन्हाच्या जोरावर पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करतं, तेच त्यांना काचेच्या कुपीत करून दाखवायचं होतं. त्यासाठी मँगनीजचं एक कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूभोवती दुसरे रेणू बांधून केलेलं संयुग, ते वर्षानुवर्षं घडवत होते. एका उन्हाळ्यात ते जमलं. बुडबुडे आले, तो ऑक्सिजनच निघाला, शोधनिबंध छापून आला. वहिनींनी अख्ख्या स्टाफला धपाटे-दही खाऊ घातलं.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग करून पाहिला. एकही बुडबुडा नाही. सरांना बोलावलं, तर त्यांच्या हातूनही तिथं काही निघालं नाही. इकडं कॉलेजात कुजबुज सुरू झाली, आकडे बनवलेले असणार म्हणून. ती त्यांच्या फार जिव्हारी लागली. खोटेपणाचा डाग घेऊन निवृत्त व्हायचं नाही, एवढंच ते म्हणायचे. गप्प बसा, लोक विसरतात, असा सल्ला मित्रांनी दिला. सर ऐकतील तर शपथ!

पुण्याहून ते थेट स्टाफरूममध्येच आले, बॅग खांद्यालाच.

"मॅडम, तिथली पोरं भांडी कशी धुतात ठाऊक हाय का? डिस्टिल्ड वॉटर नुसतं ओततात ओ! बघवंना मला."

"मग?"

"मग काय! आपण धुतो बोअरच्या पाण्यानं. डिस्टिल्ड घोटभर, लई झालं तर. आईनं तांब्याभर पाण्यात समदी ताटं धुवायला शिकवलंय मला. त्यो हात जाईल व्हय?"

आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांना पांढरा थर चढतो, तो कॅल्शियमचा. म्हणजे सरांच्या कुपीत मँगनीजच्या जोडीला कॅल्शियमही जात होतं, आणि हिरव्या पानातही ही दोघं हे काम मिळूनच करतात. टंचाईत वाढलेल्या माणसाची काटकसर प्रयोगात शिरली होती... आणि खरं काम तिनंच केलं होतं.

हे एकट्या मँगनीजनं होतं, असं सांगणारा जुना निबंध सरांनी आपणहून मागं घेतला आणि नव्यानं सुरुवात केली. भांडी अगदी स्वच्छ विसळली की बुडबुडे बंद, मोजून चिमूटभर कॅल्शियम घातलं की सुरू. पण पुन्हा पुन्हा तपासून पाहिल्याशिवाय त्यांचा स्वतःवरही विश्वास नव्हता. शेवटचा प्रयोग राहिला तो राहिलाच.

तो त्यांच्या विभागातल्या शबाना मॅडमनी केला. विसळायला मी उभी राहिले. चांगलं पाणी मोरीत ओतताना माझाही हात आखडत होता. ऑक्सिजन आला तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले, त्याची मला लाज वाटत नाही.

निबंध आम्ही सरांच्या नावानं पाठवला. गेल्या आठवड्यात संपादकांचं उत्तर आलं : काम पक्कं आहे, छापू, फक्त एक वाक्य शोभत नाही, त्याऐवजी 'पाण्यातील अशुद्धीमुळे' असं लिहावं. सरांनी लिहिलं होतं, "पहिला निष्कर्ष चुकला, कारण आम्ही भांडी बोअरच्या पाण्यानं विसळत होतो."

मी वहिनींना विचारायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "त्येच काढलं तर त्यांचं काय राहिलं मॅडम त्यात?"

घरी येऊन मी लगेच उत्तर लिहिलं. वाक्य जसंच्या तसं राहील. चालत नसेल तर निबंध परत पाठवा, आम्ही दुसरीकडं देऊ.