वीणा खाली टेकली नाही

देवावरचा माझा विश्वास कधी उडाला नाही, पण त्या वर्षी मी त्याच्यावर चांगलीच रुसले होते. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, चिखलीतल्या भैरवनाथाच्या देवळातले जुने वीणेकरी. सप्ताह बसला की सात दिवस, रात्रंदिवस, वीणा कुणाच्या तरी गळ्यात असायची. ती खाली टेकवायची नाही आणि वीणेकऱ्यानं बसायचं नाही, हा गावचा नेम. एक दमला की दुसऱ्यानं घ्यायची, त्या पाळीला पहारा म्हणतात. सगळ्यांत अवघड वेळेचा पहारा आबा स्वतः मागून घेत. अशा माणसाच्या पायांनाच देवानं का छळावं, हे मला काही केल्या उमजत नव्हतं.

आबा जरा बसले किंवा आडवे झाले की त्यांच्या पोटऱ्यांत वळवळ सुरू व्हायची. आतून किडे चालल्यासारखं होतं, म्हणायचे. उठून चाललं की थांबायची, टेकलं की पुन्हा तेच. मी तिळाच्या तेलानं पाय रगडले, वीट तापवून शेकले, पिंपरीच्या डॉक्टरांच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, वयाचा भाग आहे. आबा ओशाळून म्हणत, "पाय माझं ऐकत न्हाईत गं, सूनबाई." त्याच सुमारास त्यांचं डोकंही साथ सोडू लागलं. आधी बैलांची नावं गेली, मग माणसांची. नुकतंच जेवलेलं विसरून पुन्हा ताट मागत, आणि एके दिवशी मलाच विचारलं, "तुमी कुनाच्या वो, बाई?" गाव 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसायचं. गावाचं काय जातंय?

आमचं घर मळ्यात. मळा आणि गाव यांच्या मधून रस्ता जायचा, आणि कंपन्या आल्यापासून त्यावर मालाच्या ट्रकांची रीघ लागलेली. आबांच्या पायांना चालायचं असे, पण कुठं, ते डोक्याला ठाऊक नसे. एकदा एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून ते वाचले. त्यानंतर आमच्या यांनी दाराला बाहेरून लावायला कडी आणली. हे पिंपरीच्या कंपनीत कामाला, दिवसभर घराबाहेर. यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना घटकाभर टेकवत नाही त्यांना खोलीत कोंडायचं म्हणजे काय, ते त्यांचे हाल रोज बघणाऱ्या मला कळत होतं. कोंडलं नाही तर रस्ता त्यांना नेणार, आणि कोंडलं तर ती तळमळ. मी एवढंच म्हटलं, "सप्ताह होऊन जाऊ द्या. मग काय लावायचं ते लावा."

त्या वर्षी पहारे तरुणांनी वाटून घेतले होते, त्यांत हेही होते. सगळे कंपन्यांत लागलेले, म्हणून त्यांनी शिफ्टवर बेतलेली व्यवस्था केली. ज्यांची दुसरी शिफ्ट त्यांनी सकाळी उभं राहायचं, ज्यांची पहिली त्यांनी संध्याकाळी. फार हुशारी केली असं त्यांना वाटत होतं. पण सप्ताहाच्या मधेच कंपनीचा आठवडा बदलला आणि शिफ्ट फिरली, तेव्हा पहारेही फिरवायला हवेत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. सकाळचे गडी पहाटेच बसनं कामाला गेले. संध्याकाळचे आपली वेळ अजून दूर म्हणून घरी निवांत राहिले आणि दुपारी परस्पर शिफ्टला निघून गेले. यंत्रांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या पोरांनी देवाची पाळी मात्र उघडी टाकली.

त्या दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले तर आबांची बाज रिकामी. तशीच अनवाणी रस्त्यापर्यंत पळाले. कडेला पंक्चरचं दुकान चालवणारे मुलाणी चाचा दिवसभर रस्त्याकडेच तोंड करून बसलेले असत. ते म्हणाले, "माझ्यासमोरून तर नाही गेले, ताई. मी जागचा हाललोपण नाही." तरी गावात बघून येते म्हटलं, तेव्हा त्यांनीच हात करून ट्रक थांबवले आणि मला पलीकडे नेलं. मी देवळाकडे निघाले ती देवाला चार शब्द सुनवायलाच.

देवळात दोन-चार म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि मधोमध सदातात्या, आबांच्याच वयाचे, पहाटेपासून वीणा गळ्यात घेऊन उभे. बदलीला कुणी आलंच नव्हतं. वीणा कलत होती. बाईच्या गळ्यात ती देण्याची आमच्याकडे रीत नव्हती, नाहीतर मीच घेतली असती. आणि त्यांच्यासमोर आबा उभे होते, पाय धुतलेले, ओले. वीणा घेता-देताना करायची रीत असते तसं त्यांनी वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. एक म्हातारी म्हणाली, "अवो तात्या, त्यास्नी कळतंय का काय? पाडतील."

तात्या म्हणाले, "सगळं कळतंय त्यांना. घ्या, आबा."

तात्यांनीही वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. आबांनी तार छेडली, रामकृष्णहरी म्हटलं आणि चालू लागले. चार पावलं पुढे, चार मागे. घरी ज्या पायांनी त्यांचा जीव नकोसा केला होता, तेच पाय इथं संथ पडत होते. एक शब्द चुकला नाही, एकदाही खाली बसावंसं वाटलं नाही. मी खांबाला टेकून बघत राहिले. देवाला काय सुनवायचं होतं ते विसरले होते.

दिवस कलल्यावर कंपनीची बस आली. चूक कळली तशी पोरं धावतच देवळात शिरली, आणि सगळ्यांत पुढे हे, कंपनीच्या निळ्या कपड्यांत. यांनी पाय धुतले, आबांसमोर उभे राहिले. आबांनी यांच्याकडे पाहिलं. पोटच्या मुलाची ओळख त्या डोळ्यांत नव्हती. पण रीत होती. ते सावकाश वाकले आणि बापानं मुलाच्या पायांना हात लावला. यांचा हुंदका साऱ्या देवळानं ऐकला. रडतच यांनी आबांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि वीणा गळ्यात घेतली.

कडी लागली नाही. सप्ताह उठला त्या दिवशी पोरांनीच ठरवलं, ज्याची शिफ्ट नसेल त्यानं आबांबरोबर चालायचं. आबा निघतील तिकडे कुणीतरी बरोबर असायचं, कधी चाचासुद्धा दुकान सोडून जायचे. ते आजार बरे झाले नाहीत. पण आबांना एकट्यानं तो रस्ता पुन्हा कधी ओलांडावा लागला नाही. आपल्याच खाटेवर, माणसांत, ते गेले.

त्या दुपारी ट्रकांच्या रिघेतून त्यांना कुणी पलीकडे नेलं, ते मी शोधलं नाही. सांभाळण्याचा सगळा भार माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे, असं मी समजत होते. तो मी त्या देवळातच खाली ठेवला. कुणी अजून म्हणतं, तुमच्या सासऱ्यांना शेवटी काही आठवत नव्हतं. नसेल. देवाला ते आठवत होते.