बाजाराच्या दिवशी कापलेली बाग

निवृत्तीपूर्वीच्या माझ्या शेवटच्या ठाण्यातली ही घटना. ती अजून मनावरून उतरलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात माझी नेमणूक होती. आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच गावातले एक मोठे बागायतदार चार माणसं घेऊन ठाण्यात आले. गाव त्यांना नाना म्हणायचं. आदल्या दुपारी सगळे बाजाराला गेलेले असताना त्यांची निसवलेली, घड बाहेर पडलेली केळी कुणीतरी कापून टाकली होती.

"लेकरासारखी वाढवली व्हती साहेब," नाना म्हणाले. संशयितही त्यांनीच सांगितला. शेजारच्या शेतातला चुलतभाऊ. बांधावरून वाद जुना आणि लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन त्याच्या घरी.

केळी कापून सूड घेण्याचे प्रकार आमच्याकडे नवे नाहीत, पण ते काम कोयत्याचं. कोयत्याचा घाव तिरपा आणि गुळगुळीत असतो. इथे खोडांच्या चिंध्या झाल्या होत्या, म्हणजे काम मशीनचं. पंचनामा करताना दिसलं की कापणी बागभर नव्हती. नाल्याकडच्या कडेचा तेवढा एक पट्टा आडवा झाला होता आणि त्यातले बाभळीचे रोवलेले वाळके खुंटही जमिनीलगत कापलेले होते. खुंटांवर चिनी मातीचे गट्टू ठोकलेले होते, विजेची तार ओढायला लावतात तसे. तार मात्र कुठेच नव्हती.

"नाना, हे कशासाठी?"

"जुनं कुंपण हाये. रानडुकरं येतात," ते म्हणाले आणि पंचांशी दुसरंच काही बोलू लागले.

चुलतभावाला ठाण्यात बोलावलं. तो घाबरलेला नव्हता, चिडलेला होता. "साहेब, माझं मशीन चालू केलं तं अर्ध गाव कान झाकते. तुम्हीच चालवून पाहा ना!"

मला ते पटलं. पंचांसमक्ष त्याचं मशीन बागेत नेऊन चालवलं. आवाज थेट बाजाराला जाणाऱ्यांची वर्दळ असते त्या डांबरी रस्त्यापर्यंत गेला. साखळी फिरते ती त्याची पट्टी लांब, त्यामुळे बाभळीचा खुंट एका दमात आरपार. केळीच्या खोडात साखळीचं काळं तेल उडून कापाच्या दोन्ही बाजू माखल्या. गुन्ह्यातल्या खोडांवर तेल जेमतेम होतं, आणि खुंट दोन बाजूंनी कापलेले, मधे पायरी राहिलेली. म्हणजे पट्टी आखूड. मग जळगावहून बॅटरीवर चालणारं छोटं मशीन मागवलं. त्याचा आवाज स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढा. नाल्यापलीकडे उभ्या शिपायाला काही ऐकू आलं नाही. खुंटात तशीच पायरी राहिली. सुक्या लाकडाला ते चांगलं, पण केळीच्या ओल्या खोडात काही वेळातच धागे गुंडाळून अडकलं. उघडून साफ करावं लागलं.

बीट हवालदाराने मशीन दुरुस्त करणाऱ्यांना सांगून ठेवलं. लवकरच एकाची खबर आली : बॅटरीचं मशीन दुरुस्तीला आलंय, आत केळीचे धागे आहेत.

मशीनचा मालक पस्तिशीचा, झाडं छाटायची कामं घेणारा. त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, पण त्या तालुक्यात कुणाच्या कपड्यांवर ते नसतात? घरामागची दोन झाडं कापली, एवढंच तो सांगत राहिला. चौकशीत मी आवाज चढवत नसे. आरोपी ज्या प्रश्नाची तयारी करून आलेला असतो, तो सोडून दुसरा विचारावा, हा माझा अनुभव. मी केळीचा विषयच सोडला.

"खुंट का कापलेस?"

चहाचा कप त्याने खाली ठेवला.

"त्या खुंटाइनं माझा भाऊ मारला, साहेब."

धाकटा भाऊ नानांच्या बागेत पाणी द्यायला होता. एके सकाळी तिथेच मरून पडलेला सापडला. हृदयविकाराचा झटका आला, असं घरच्यांना सांगण्यात आलं. ठाण्यात खबर नाही, शवविच्छेदन नाही; दुपारच्या आत अग्नी दिला. अंघोळ घालताना पोटरीवरचा भाजलेला वळ याने पाहिला होता. गावात बोलला तेव्हा सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं.

"केयी कापली तं तुम्ही सारे आले," तो म्हणाला. "भाऊ गेला तवा कोणी आलं नाही."

"मग इतक्या दिवसांनी आताच का?"

"तार पुन्हा लावली व्हती त्यांनी. माझी भावजय त्याच बागेत निंदणीले जाते. खुंट कापले ते तिच्यासाठी. केयी कापली ती रागानं. ते चुकलं."

नानांच्या पंपाच्या खोलीत ठाण्यात येण्याआधीच गुंडाळून ठेवलेलं तारेचं वेटोळं आणि विजेच्या खांबावर आकडा टाकायची वायर मिळाली. पण राख झालेल्या देहाचा पुरावा कुठून आणायचा? पाहणारा माणूस हवा होता. बागेत वर्षाच्या बोलीवर राबणारा एक म्हातारा सालदार, त्याला सगळे आबा म्हणत, तो आमच्यापुढे तोंड उघडेना. शेवटी मयताची बायको एकटीच त्याच्या घरी गेली. काय बोलली ते तिने कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः ठाण्यात आला. त्या सकाळी मयताच्या पायावरची तार कोरड्या काठीने बाजूला केली ती आपणच, असं त्याने सांगितलं, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही तोच जबाब दिला.

गुन्हे दोन दाखल झाले. झाडं छाटणाऱ्याने नुकसानीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि शिक्षा घेतली. नानांना मी अटक केली; तो खटला मी निवृत्त झालो तेव्हा चालूच होता.

फिर्यादी सांगतो तो गुन्हा नोंदवावा लागतोच, पण जागेवर दुसराही पडलेला असू शकतो, हे मी त्या बागेत शिकलो. केळी मोजून परतलो असतो तर कागद पूर्ण झाले असते आणि तार पुन्हा लागली असती.

मृत्यूचा गुन्हा दाखल झाला त्या दिवशी मयताची बायको फिर्यादीची प्रत घ्यायला आली. तिला वाचता येत नव्हतं. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "त्याइचं नाव कुठं हाये, ते वाचा."

मी वाचलं. तिच्या नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव. ठाणे अंमलदार लिहायचं थांबून ऐकत होता.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठलो आणि उभं राहून पुन्हा वाचलं.