डॉक्टरबाईंना वाचवण्यासाठी पोलादपूरला

स्वारगेटहून महाडला निघालेल्या सकाळच्या एसटीत मी खिडकीजवळ बसलो, तेव्हा सदऱ्याच्या खिशात एक पत्र होते आणि मनात धास्ती होती, की आपण पोचेपर्यंत एका डॉक्टरबाईंचा निकाल लागलेला असेल. डॉक्टरबाई खऱ्या नव्हत्या, चित्रपटातल्या होत्या. परंतु त्यांच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली होती, आणि पन्नाशी ओलांडल्यावर अशा गोष्टी मनाला लागून राहतात.

नव्वदीचे दशक सरत आले आहे. मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत चित्रपटांची परीक्षणे लिहितो. पोलादपूरच्या सुनंदा नावाच्या तरुण दिग्दर्शिकेने ओळखीच्या चार माणसांना हाताशी धरून 'कमळीचे दोन पाहुणे' हा विनोदी प्रेमपट केला होता. त्यातली कमळी पोलादपूरला खाणावळ चालवते. तिचे एका ट्रकचालकावर प्रेम आहे, आणि वरच्या वाड्यांतली गुरे तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाईंवरही आहे. दोन्ही प्रेमे सारखीच खरी. एके दिवशी दोघे एकाच वेळी जेवायला येतात आणि घोटाळे सुरू होतात. शेवटी कमळी दोघांना एकाच बाकावर बसवते आणि आपले ताट घेऊन मध्ये बसते.

पुण्यात आम्हा परीक्षकांना तो एका दुपारी चहा-बिस्किटांसह दाखवण्यात आला. त्यानंतर आम्ही जे लिहिले, ते आठवले की मान खाली जाते. एका ज्येष्ठांच्या मते ट्रकचालकावरचे प्रेम खरे होते. डॉक्टरबाई हा नायिकेच्या एकाकीपणाचा भास. एका पुरोगामी साप्ताहिकाने उलट निकाल दिला: डॉक्टरबाईंवरचे प्रेम खरे, ट्रकचालक हा समाजाच्या भीतीने घेतलेला आडोसा. दोन्ही खरी असू शकतात, एवढे मात्र कोणाला सुचले नाही. डॉक्टरबाई शेळीला सुई टोचत असताना कमळी त्यांना आपले मन सांगते आणि तिच्या प्रत्येक वाक्यावर शेळी ओरडते, असा एक प्रसंग आहे. त्या शेळीत तिघांना बळीचे प्रतीक दिसले. मी मध्यम मार्गाचा माणूस. मी लिहिले, 'नायिका शेवटपर्यंत काही ठरवीत नाही, हा दिग्दर्शिकेचा गोंधळ आहे. दोहोंपैकी एक पात्र गाळले असते, तर चित्रपट स्वच्छ झाला असता.'

इतक्या वर्षांच्या लेखनात माझे कोणी ऐकले नव्हते. निर्मात्यांनी नाही, नटांनी नाही, घरात तर नाहीच. सुनंदाने ऐकले. खिशातले पत्र तिचेच होते: 'आपली सूचना मान्य आहे. कोणाला गाळावे, ते आपण लिहिले नाहीत. ट्रक महाडच्या युसुफभाईंनी दिलेला आहे, त्यामुळे ट्रकवाल्याला काढणे बरे दिसणार नाही. डॉक्टरबाईंना काढते आहे. प्रिंट एकच आहे. रविवारी दुपारी महाडच्या एका शाळेत खेळ ठेवला आहे, त्याच्या आत काम उरकेन.'

पत्र शुक्रवारी मिळाले. शनिवारी मी निघालो.

भोर मागे पडल्यावर वरंध्याचा घाट लागतो. घाटमाथ्यावर गाडी तापली आणि चालकाने ती भज्यांच्या टपऱ्यांपाशी उभी केली. समोर सरळ तुटलेला कडा, खाली कापणी झालेली भाताची खाचरे आणि पलीकडे एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर. एरवी मी अशा ठिकाणी उभा राहून दोन ओळी टिपून घेतल्या असत्या. त्या दिवशी कांदाभजी घेतली आणि पहिलेच भजे सदऱ्यावर पाडले. माझ्या शेजारच्या आसनावर नाते गावच्या एक बाई होत्या. त्यांनी तेलाचा डाग पाहिला, मला पाहिले, आणि कुठे निघालात म्हणून विचारले. महाडला चित्रपट पाहायला, असे मी सांगितले.

"पुन्यासून महाडाला? पिक्चर बगायला?" त्या म्हणाल्या. "घरात भांडान झालं काय?"

पुढच्या प्रवासात त्यांनी मला दोन पेरू दिले, बहुधा दयेपोटी.

सुनंदाचे घर विचारायला मी आधी युसुफभाईंना गाठले; त्यांचे ट्रान्सपोर्टचे ऑफिस महाडच्या बाजारपेठेलगत होते. साठीचे गृहस्थ, मूळचे दासगावचे, बरीच वर्षे आखातात ट्रेलर चालवून परतलेले. मी नाव सांगताच ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मला आजारी माणसाला द्यावी तशी खुर्ची दिली. दुपार झाली होती. घरून तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आली. मी जेवत असताना त्यांनी शांतपणे सांगितले, की माझे परीक्षण त्यांनी आपल्या अम्मीला वाचून दाखवले होते.

"ती बोलली, ह्या सायबाचं पोट साफ होत नाय काय?"

मी खाली पाहून जेवत राहिलो. सुनंदा केवळ ट्रकच्या भिडेपोटी डॉक्टरबाईंना काढते आहे, हे ठाऊक आहे का, असे मी विचारले. ठाऊक होते. "मी बोललो तिला, माझा ट्रक काढ, बाईला ठेव. ट्रक रस्त्यावर रोज दिसतो. पन ती बोलते, पुन्याच्या सायबाला शिनेमातलं जास्त कळतं." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "दोघांवर जीव लावनारी मानसं दुनियेत कमी हायत काय सायब? बोलत नाय कोन, एवढंच."

मग त्यांनी स्वतःच ट्रक काढला. चित्रपटातला तोच. सावित्री नदी कधी डाव्या हाताला दिसे, कधी झाडीआड जाई. पोलादपूरला महामार्ग पुढे गोव्याकडे जातो आणि एक रस्ता वळून महाबळेश्वरचा घाट चढतो. त्या फाट्यापासून चार पावलांवर सुनंदाचे घर होते.

पडवीत ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात फीत जोडण्याचे लहानसे यंत्र, बाजूला कात्री. वरच्या दोरीवर एका टोकाला आईचे लुगडे वाळत होते आणि बाकीच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले फितीचे तुकडे. एक तुकडा मी उजेडात धरून पाहिला. नखाएवढ्या डॉक्टरबाई, नखाएवढी शेळी, एकाखाली एक अशा कित्येकदा.

"हे कापू नका," मी म्हणालो.

"कापून झालं सर. बसा ना, चहा टाकते."

चहा घेताना मी जे सांगितले, ते पुण्यात कोणालाही सांगितले नव्हते. शेळीच्या त्या प्रसंगाला मी हसलो होतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो, आणि तोंडावर रुमाल धरून खोकला आल्यासारखे दाखवले होते.

"का?" तिने विचारले.

"शेजारी कोणी हसत नव्हतं."

"मग बाकीचे काय करत होते?"

मी आठवून पाहिले. "खोकत होते," मी म्हणालो. "त्या दुपारी सगळ्यांनाच खोकला झाला होता."

युसुफभाई दाराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सुनंदा हसली नाही. मी अधिक प्रामाणिक व्हायचा प्रयत्न केला. कमळीचे कोणतेच प्रेम मला खोटे वाटले नव्हते. मला भीती वाटली ती त्याचीच. पटकन पटले, हे उघड झाले तर लोक माझ्याविषयी काय समजतील, या विचाराने मी घरी जाऊन 'गोंधळ' हा शब्द लिहिला. गोंधळ माझा होता. मी तो तिच्या नावावर घातला. आता मी पाया पडतो, पण हे तुकडे होते तसे जोडा, अशी मी विनवणी केली.

तिने कात्री बाजूला ठेवली.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी कापलं, ही माझी चूक झाली. तुम्ही सांगताय म्हणून जोडलं, तर तीच चूक दुसऱ्यांदा. मग यात माझं काय राहिलं?" मी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. "उद्या येऊन बसा," ती म्हणाली. "जे दिसेल ते माझं असेल."

माझ्यासारख्याचे याहून नेमके परीक्षण कोणी केले नव्हते.

मुक्काम युसुफभाईंच्या घरी झाला. त्यांच्या अम्मीने माझ्या ताटात आग्रहाने पपई वाढली आणि त्याचे कारण सांगितले नाही.

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात अंधार करण्यासाठी खिडक्यांवर ट्रकच्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. बाके भरली होती: बाजारपेठेतले व्यापारी, बुरख्यातल्या आणि नऊवारीतल्या बायका, वरच्या वाड्यांवरून उतरलेली माणसे. माझ्या शेजारी ठकूबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. चित्रपटातली बकरी त्यांची होती, हे त्यांनी मला तीनदा सांगितले.

युसुफभाईंचा ट्रक पडद्यावर आला, तेव्हा लोकांनी ट्रकला टाळ्या दिल्या. चालक उतरला, जेवायला बसला. डॉक्टरबाई पहिल्यांदा येतात ती जागा जवळ आली आणि मी समोरच्या बाकाची कड घट्ट धरली. चालकाने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. पडदा एकदम पांढरा होऊन थरथरला, आणि डॉक्टरबाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. जोडाच्या ठिकाणी त्यांचे एक पाऊल तेवढे गहाळ झाले होते.

शेळीच्या प्रसंगाला सगळे सभागृह हसले. मीही हसलो, आणि रुमाल खिशातच राहू दिला. ठकूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सकालधरनं उपाशी ठेवली व्हती तिला, म्हून वरडते." तीन परीक्षकांचे प्रतीक असे एका वाक्यात निकालात निघाले.

खेळ संपल्यावर एका तरुणाने उभे राहून सुनंदाला विचारले, की हे सगळे ठीक, पण कमळी शेवटी नक्की कोणाची? मी ओशाळलो, प्रश्न माझाच होता. सुनंदाने तोंड उघडण्याआधी ठकूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ती तिचीच हाय रे. तुला जेवाया बोलावलं नाय, म्हून इचारतोस काय?"

ताडपत्र्या सुटल्या, उजेड आला. मी सुनंदाला गाठून आभार मानू लागलो. तिने मला थांबवले.

"तुमच्यासाठी नाही जोडलं सर. तुम्ही गेल्यावर एकदा लावून बघितलं. ट्रकवाला एकटाच जेवत होता. फार वाईट दिसत होतं ते."

सोमवारी पुण्यात परतलो आणि थेट संपादकांकडे गेलो. 'कमळी'वर पुन्हा लिहायचे आहे, असे सांगितले. ते म्हणाले, एका चित्रपटावर एका परीक्षकाची दोन मते छापली तर वाचक गोंधळतो; पूर्वीचे मत ठेवायचे की नवे, ते एकदाचे ठरवा. आयुष्यभर मी इतरांना हेच सांगत आलो होतो. मी तिथेच बसून ठरवले आणि लिहून दिले: 'माझे परीक्षण चुकले होते.'

संपादकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. वाक्याला त्यांची हरकत नव्हती. पण एवढ्याने रकाना भरत नाही, म्हणाले. महाडला गेलाच होतात तर थोडा प्रवास लिहा, थोडा निसर्ग घाला.

त्याप्रमाणे लिहिले आहे. मजकूर लांबला आणि कापणे भागच पडले, तर निसर्ग कापावा. डॉक्टरबाईंना हात लावू नये.