बाप हयात असताना

तोरेखान मुकाशेव यांनी अल्माटीच्या एका वाहिनीसाठी ‘तिसरा जिना’ ही मालिका अठरा वर्षे लिहिली आणि तिची निर्मितीही केली. बुधवारी व शनिवारी, सायंकाळी सात वाजता. भागाच्या अखेरच्या श्रेयपाटीवर त्यांचे नाव एकटे येई, पूर्ण चार सेकंद. संकलकाने एकदा ते तीनवर आणले, तेव्हा तोरेखान त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

त्यांची शिस्त अशी, की लग्न असो वा मयत, कोणताही विधी लिहिला की तो प्रसंग आधी गावी फोन करून वडिलांना वाचून दाखवायचा. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे मुकाश चुका काढीत. "सून चहाची वाटी काठोकाठ भरते का रे? पाहुण्याला हाकलायचंय का तिला?" तोरेखान तत्काळ दुरुस्ती करीत.

या वसंतात वाहिनीने एकतीस वर्षांच्या आल्दियारला मालिका विभागाचा प्रमुख नेमले. त्याने एका भागात स्वतःचा प्रसंग घातला: मेजवानीत मेंढ्याचे उकडलेले डोके बापापुढे येते, थोरला मुलगा ते आपल्याकडे ओढतो आणि कापतो.

"बाप समोर बसलाय, आल्दियार," तोरेखान म्हणाले. "ज्याचा बाप जिवंत, तो डोक्याला सुरी लावत नाही. परक्याच्या घरीसुद्धा नाही."

"म्हणून तर, आगा!" थोरल्या भावाला मारायची ही हाक आल्दियार त्यांना मारी. "लोक ताडकन उठून बसतील."

"बसतील, आणि मला शिव्या घालायला फोन करतील."

"मग नाव काढू का तुमचं? सांगा, आत्ता काढतो." आल्दियार हसत होता, पण पुढच्या भागांच्या नव्या करारनाम्याचा कागद त्याने पुढे सरकवला होता.

तोरेखान यांनी त्यावर न वाचता सही केली. त्या वेळी प्रथमच त्यांनी गावी फोन केला नाही.

तो भाग बुधवारी दाखवला गेला. शनिवारी ते गावी गेले. मुलगा येणार म्हणून मेंढा कापला होता. धाकटी बहीण कुल्यान हिने डोक्याचे ताट नेहमीप्रमाणे वडिलांपुढे ठेवले. मुकाश यांनी ते फिरवून मुलापुढे सारले आणि वर सुरी ठेवली.

"काप."

"अके," तोरेखान वडिलांना म्हणाले, "हे काय..."

"लाजतोस कशाला? सगळ्या देशासमोर कापलंस, इथं तर घरचेच आहोत. शेजारचा येर्मेक कुल्यानला विचारत होता, म्हातारा कधी गेला, कळवलंही नाहीत."

"आगा, एक फोन तरी करायचास," कुल्यान पुटपुटली.

सुरीला कोणीच हात लावला नाही. सात वाजले. कुल्यानने सवयीने मालिका लावली. सर्वांनी ती पाहिली. रस्सा गार झाला. अखेरची पाटी आली, चार सेकंद राहिली. तिच्यावर आल्दियारचे नाव होते, एकट्याचे.

तोरेखान यांनी चष्मा काढून पुसला. तो पुन्हा लावेपर्यंत पाटी गेली होती.

"आज नाव नाही तुझं," मुकाश म्हणाले. "बुधवारी होतं."